ओलाव्याच्या आकड्यानंतर

मी जन्माची बडबडी. आई म्हणायची, हिला गप्प करायचं तर झोपवायलाच हवं, आणि झोपेतही हिचे ओठ हलतातच. भिसेगावात आमच्या आळीत कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं काय फोडलं, सगळं आधी माझ्या तोंडून बाहेर पडायचं. अशा या माझ्या तोंडाला आयुष्यात एकदाच कुलूप लागलं, आणि तेही नको त्या वेळी. कर्म माझं, दुसरं काय.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मोहोपाड्याच्या बाजूला एका केमिकल कारखान्याच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. सकाळी गावाजवळच्या ‘चार फाटा’ नाक्यावर कंपनीची बस यायची आणि चौक गावावरून फिरून आम्हाला कारखान्याच्या फाटकात सोडायची. दोन वर्षं टाइपरायटर बडवला. मग एक दिवस स्टोअरची खोली रिकामी झाली, तिला काचेचं दार बसलं, एसी लागला आणि आत कॉम्प्युटर आला. चपला बाहेर काढायच्या, अशी साहेबांनी पाटीच लावली. आमचे शिपाईकाका तर पहिल्या दिवशी हात जोडूनच उभे राहिले. दसऱ्याला त्याची पूजा केली, तर कुणीतरी हळदकुंकू थेट बटणांवरच वाहिलं. ते फटीत जाऊन बसलं. कापसाचे बोळे घेऊन ते काढायला आम्ही दोघं अर्धा दिवस बसलो होतो, मी आणि तो.

तो म्हणजे कॉम्प्युटरसाठी नेमलेला माणूस. खालापुराकडच्या एका गावचा, मुंबईला शिकून आलेला, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. बसमध्ये चौकला चढायचा आणि पुढच्या दांड्याला धरून उभा राहायचा, जागा असली तरी. बोलणं मोजकं. मी त्याला अहो-जाहो करायची, तोही मला तसंच. इथे ‘तो’ लिहिते, कारण मनात तो तोच होता.

माल बाहेर निघाला की प्रत्येक लॉटबरोबर एक सर्टिफिकेट जायचं. शुद्धता इतकी, रंग असा, ओलावा इतका आणि खाली सहीची ओळ. लॅबवाले दिवसभराचे आकडे एका लांबलचक यादीत भरून ठेवायचे. त्या यादीतला एकेक आकडा उचलून मी सर्टिफिकेटाच्या नमुन्यात बसवायचा. तीन ओळी खाली जा, टोकाला जा, पाच अक्षरं उचल, वर ये, बसव, की पुन्हा खाली. असं दिवसाला चाळीस वेळा. घरी येऊन भाकरी थापायला बोटं वळायची नाहीत. एकदा मी त्याच्यावरच खेकसले, “काम कमी होईल म्हणाले होते ना? मेलं हे तर टाइपरायटरपेक्षा वाईट!”

तो म्हणाला, “तुम्ही एकदाच करा. उरलेलं ते करील.”

मग त्यानं ती युक्ती दाखवली. एक ठरावीक बटण दाबलं की पडद्याच्या तळाला ‘लर्निंग’ असा शब्द यायचा. म्हणजे मशीन आता शिकतंय. त्यानंतर तुम्ही जे जे बटण दाबाल ते सगळं त्याच क्रमानं ते लक्षात ठेवणार. काम संपलं की ते ठरावीक बटण पुन्हा दाबायचं, शब्द जायचा. मग हुकूम सोडला की तेवढं सगळं काम ते आपलं आपण करणार, चाळीस वेळा म्हणा की चारशे वेळा म्हणा. “शाळेत बाई पाटीवर अक्षर काढून द्यायच्या आणि आपण गिरवत बसायचो ना,” तो म्हणाला, “तसंच. कित्ता आपण काढायचा, गिरवायचं त्यानं.” झालं, त्या दिवसापासून आमच्या खोलीत त्याला कित्ता हेच नाव पडलं. साहेबसुद्धा फोनवर सांगायचे, “कित्ता चालू आहे, दहा मिनिटांत पाठवतो.”

मशीन संथ होतं. कित्ता चालला की हिरवी अक्षरं एकेक करून उमटताना आणि पुसली जाताना स्पष्ट दिसायची. मी हात मांडीवर ठेवून बघत राहायची. पहिल्या आठवड्यातच घोळ घातला. समोर साहेबांचं मोठ्या साहेबांना लिहिलेलं पत्र उघडं आहे हे न बघता मी कित्ता सोडला. तो बापडा यादी समजून पत्राच्या पोटात शिरला आणि ‘आपला विश्वासू’च्या खाली त्यानं ओलावा शून्य पूर्णांक दोन असं ठोकून दिलं. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तो मात्र तोंडावर रुमाल धरून खिडकीकडे वळला होता, खांदे हलत होते. त्याला एवढं हसताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

आणखी एक गोष्ट त्यानं मुद्दाम करून दाखवली होती. कित्ता काढता काढता तो मध्येच उठला, बाहेर गेला, चहा पिऊन आला आणि मग उरलेली बटणं दाबली. नंतर कित्ता चालवला, तर चहाचा पत्ताच नाही. बटणाला लागून बटण. “ते फक्त बटणं धरतं,” तो म्हणाला. “माणूस मध्ये किती थांबला, कशाला थांबला, ते त्याला कळत नाही.”

“बरंय की,” मी म्हटलं, “नाहीतर तुमच्या सगळ्या चहांची साहेबांकडे चुगली झाली असती.”

तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

त्याला वालाचं बिरडं आवडायचं. मी डब्यात जास्तीचं न्यायला लागले. आईला सांगायची, ऑफिसातल्या बायका मागतात गं. आई म्हणायची, “बायांना वाल मिलत नाय का बाजारात?” मी मुकाट्यानं डबा भरायची. पावसाळा सरता सरता ऑफिसची सहल कोंडाण्याच्या लेण्यांना गेली. बाकीचे धबधब्यात ओले होत होते, हा लेण्यात एकटा उभा. त्याच्या घरचे छप्पन सालानंतर बौद्ध झालेले. लहानपणी बुद्धपौर्णिमेला वडिलांचं बोट धरून तो ती चढण चढायचा. भिंतीवरचे छिन्नीचे घाव त्यानं मला बोट लावून दाखवले आणि म्हणाला, “कित्ता कुणीतरी एकानं काढला असेल बघा.” उतरताना निसरड्यावर त्यानं हात पुढे केला, तो मी धरला. सपाटीला आल्यावर सोडायला मी उशीर केला. त्यानंही घाई केली नाही.

आमच्या घरी हे चालणारं नव्हतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. वडील मारकुटे नव्हते, कुणाला टाकून बोलणारेही नव्हते. पण भाताची खाचरं जशी बांधाला बांध लागून असतात तसे आमचे सोयरे ठरलेले होते, आणि त्या बांधापलीकडे आमच्याकडून कुणी गेलेलं नव्हतं. मी विचार करायचंच टाळलं. रोज बस येत होती, रोज तो चौकला चढत होता, एवढ्यावर माझं छान चाललं होतं.

मग त्याची बदली आली. कंपनीचा दुसरा कारखाना गुजरातेत होता, तिथेही कॉम्प्युटर बसवायचा होता. जायच्या आठवड्यात तो माझ्यासाठी शेवटचा मोठा कित्ता काढायला बसला. तोवर आमचे चार छोटे कित्ते होते, ते एकामागून एक चालवावे लागायचे. आता पहिल्या ओळीपासून सहीच्या ओळीपर्यंत अख्खं सर्टिफिकेट एका दमात व्हायला हवं, म्हणजे माझं कुठे अडणार नाही, असं त्याचं म्हणणं. गुरुवारची दुपार होती. साहेब मीटिंगला, खोलीत आम्ही दोघंच आणि एसीची घरघर. पडद्याच्या तळाला ‘लर्निंग’. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. शुद्धता बसली, रंग बसला, ओलाव्याचा आकडा बसला. आता फक्त खालच्या बाणाचं बटण दाबून सहीच्या ओळीवर जायचं होतं.

तिथे त्याचे हात थांबले.

पडद्यावरची नजर न हलवता तो म्हणाला, “रविवारी भिसेगावला येऊ का? तुमच्या वडिलांना भेटायला. तुम्ही हो म्हणालात तर येतो.”

आणि मी, अख्ख्या आळीचा रेडिओ असलेली मी, ओठांवर बोट ठेवलं, तळाच्या त्या शब्दाकडे दाखवलं आणि म्हटलं, “श्श! चालू आहे.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खालचा बाण दाबला. सहीची ओळ केली, कित्ता बंद केला, त्याला नाव दिलं. तेवढ्यात शिपाईकाका चहा घेऊन आले आणि त्यांच्या पाठोपाठ साहेब.

का म्हटलं मी तसं? पुढे स्वतःला पुष्कळ सबबी सांगितल्या. माझ्या मामानं दुबईहून टेपरेकॉर्डर आणला होता. त्याचं लाल बटण दाबलं की घरातल्या सगळ्यांनी श्वास धरून बसायचं. कुणी खोकलं तरी मामा डोळे वटारायचा. रेकॉर्डिंग चालू असताना बोलायचं नाही हे अंगात मुरलेलं, म्हणून तोंडातून निघून गेलं. अशी माझी सबब. पण ते मशीन ऐकत नाही हे मला ठाऊक नव्हतं का? चहाचा प्रकार त्यानं माझ्यासमोरच तर करून दाखवला होता. मी घाबरले, बस. दोन मिनिटं मिळावीत म्हणून जी पहिली सबब दिसली ती पकडली. मला वाटलं, कित्ता संपला की तो पुन्हा विचारील.

त्या संध्याकाळी अंगणात वडील विळ्याला धार लावत होते. मी बाजूला बसून वाल सोलत होते. धीर करून म्हटलं, “बाबा, ऑफिसातलं कुणी घरी आलं तर चालंल का?”

“येऊ दे की. कोण हाय?”

मी गावाचं नाव सांगितलं.

वडील विळा फिरवत होते तो थांबला. “त्या गावात कुठल्या आळीतला?”

रागानं नाही विचारलं त्यांनी. सहज विचारलं, आपल्याकडे विचारतात तसं. मी म्हटलं, “जाऊ दे. यायचा नाय तो.” वडिलांनी पुन्हा विळ्याला धार लावायला घेतली. आई दारातून म्हणाली, “तुला काय झालाय गं? वाल सोलते का टरफला निवडते?” बघते तर मी दाणे टाकून टरफलं टोपात भरत होते.

शुक्रवारी साहेब दिवसभर खोलीतच ठाण मांडून होते. शनिवारी अर्धा दिवस, त्यात निरोप समारंभ. वेफर, सामोसे आणि त्याला भेट म्हणून एक थर्मास. सगळ्यांची भाषणं झाली आणि कुणीतरी ओरडलं, अहो, आता बाईंना बोलू द्या, आपल्याकडे बोलणाऱ्या त्याच! सगळे हसले. मी उभी राहिले आणि म्हटलं, “प्रवास सुखाचा होवो.” एवढंच बोलून खाली बसले. लोकांना वाटलं मला वाईट वाटतंय. वाटत होतंच की!

बसमध्ये तो त्या दिवशीही दांड्याला धरून उभा होता. चौक आलं. थर्मास काखेत धरून तो दारापाशी गेला, मागे वळला आणि म्हणाला, “येतो.” आपल्याकडे जाणारा माणूस येतो म्हणूनच जातो. बसमधले सगळे म्हणाले, या हं, या. मीही त्यांच्यातच म्हटलं, या. रविवारी मी उगाचच चांगलं पातळ नेसून दिवसभर दारात घुटमळले. कोण येणार होतं? माझं ‘श्श’ म्हणजेच उत्तर, असं त्यानं धरलं होतं, आणि त्यात त्याची काय चूक?

सोमवारी तो नवा कित्ता चालवायचा होता. मी हुकूम सोडला. शुद्धता बसली, रंग बसला, ओलावा बसला आणि खट्कन सहीची ओळ. मध्ये काही नाही. त्यानं मला विचारलं, मी त्याला गप्प केलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं, यातलं काही म्हणजे काही नाही. चाळीस सर्टिफिकेटं झाली, चाळीस वेळा मशीन त्या जागेवरून पाय न अडखळता गेलं. मला रडू आलं. बाहेर जाऊन चपला शोधायचं निमित्त करून मी रडून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅंटीनला गेल्यावर मी कित्ता उघडला. तो उघडून बघता येतो, एकेक बटण एकेका ओळीत लिहिलेलं असतं, हे त्यानंच शिकवलं होतं. ओलाव्याच्या आकड्यानंतरची ओळ शोधली. तिच्या खाली लगेच बाणाचं बटण. त्या दोहोंच्या मध्ये मी चार ओळी घातल्या. एच, ओ, आणि दोनदा पुसायचं बटण. मशीनला मराठी लिपी येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांतच माझं हो.

मग चालवून पाहिलं. ओलाव्याचा आकडा बसला. त्याच्या शेजारी हिरव्या अक्षरांत हो उमटलं, लगेच पुसलं गेलं, आणि सहीची ओळ आली. कागदावर त्याचा मागमूस नाही. त्यानंतर रोज मी चाळीस वेळा त्याला हो म्हणत होते, आणि कुणाला पत्ता नव्हता. एकदा साहेब मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “ते मध्येच काय लुकलुकतं हो?”

“टर्मिनल जुनं झालंय साहेब,” मी म्हटलं. “चालायचंच.”

अशी तीन-चार वर्षं गेली. त्याचं पत्र कधी आलं नाही, मीही लिहिलं नाही. मग जुनं मशीन काढून नवे छोटे कॉम्प्युटर आले. त्यांच्यावर सर्टिफिकेटाचा कित्ता नव्यानं काढायला हवा होता, आणि ते काम करायला गुजरातच्या कारखान्यातून माणूस येणार, असं साहेबांनी सांगितलं. कोण येणार ते सांगितलं नाही. सकाळी काचेच्या दाराबाहेर चपला काढताना तो दिसला. डोळ्यांना चष्मा लागला होता, अंगानं थोडा भरला होता. लग्न झालं होतं, दीड वर्षाची मुलगी होती. त्यानं पेढे आणले होते आणि मुलीचा फोटो शिपाईकाकांना दाखवत होता. माझंही लग्न त्याच महिन्यात ठरलं होतं, आमच्या सोयऱ्यांतलंच. त्यानं अभिनंदन केलं. मी म्हटलं, पेढा घेते हं अजून एक.

मग तो म्हणाला, “जुना कित्ता एकदा चालवून दाखवा. तसाच नवा काढू.”

आता त्या चार ओळी काढायला वेळ कुठला? साहेब शेजारीच खुर्ची ओढून बसले होते. मी हुकूम सोडला. शुद्धता, रंग, ओलावा. हो. पुसलं. सहीची ओळ.

“पुन्हा चालवा,” तो म्हणाला.

पुन्हा चालवला. आकडा, हो, आणि काही नाही.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा चालला तेव्हा तो पडद्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. साहेबांनी विचारलं, काही बिघाड आहे का? तो नाही म्हणाला. मग एकदम हळू मला म्हणाला, “हे कधीपासून?”

“तुम्ही गेलात त्या सोमवारपासून.”

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. पुसायला तेवढा वेळ लागत नाही.

मग तो नव्या मशीनसमोर बसला. शिकण्याचं बटण दाबलं, पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटली. त्याची बोटं तशीच चालत होती, पूर्वीसारखी. शुद्धता बसली, रंग बसला, ओलाव्याचा आकडा बसला. आणि तिथे त्याचे हात थांबले. साहेब घड्याळ बघत होते. या वेळी मी ओठांवर बोट ठेवलं नाही. बोलायचं तर सगळं जिभेवर होतं, चार वर्षांचं साठलेलं, आणि आता त्यातलं एकही वाक्य कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. त्याच्या हातांकडे बघत मी नुसती उभी राहिले.

त्यानं एच दाबलं. ओ दाबलं. क्षणभर ते तसंच राहू दिलं. मग दोनदा पुसायचं बटण दाबलं आणि सहीच्या ओळीवर गेला.

“जुन्यासारखाच ठेवलाय,” तो साहेबांना म्हणाला, आणि परतीच्या बसची वेळ विचारली.

नवं मशीन भलतंच चपळ होतं. कित्ता सोडला की डोळ्याची पापणी लवायच्या आत सर्टिफिकेट तयार. ती दोन अक्षरं त्या पडद्यावर मला एकदाही दिसली नाहीत. पण दिवसातून चाळीस वेळा माझं हो त्याच्या बोटांनी लिहिलं जात होतं आणि पुसलं जात होतं, आणि मी समोर बसून निघालेल्या कागदांवर शिक्के मारत होते.